खांद्याचे माप

तयार कपड्यांच्या दुकानात माणसाला नाव नसते, आकडा असतो. तुम्ही ३८, मी ४२. ज्यांनी हे आकडे ठरवले त्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे : माणसाचे दोन्ही खांदे एका रेषेत असतात. वाचकहो, जरा आरशापुढे उभे राहून पाहा. पुष्कळांचा एक खांदा अंमळ खाली असतोच. पण तो फरक इतका थोडा, की शर्ट तो पोटात घालतो.

माझ्या मुलाचा उजवा खांदा मात्र लहानपणापासून जरा जास्तच उतरता आहे. शाळेतल्या पोरांनी त्यावरून ठेवलेले नाव तो अजून विसरलेला नाही. गेल्या वर्षी त्याची नोकरीची पहिली मुलाखत ठरली, आणि घरी मागवलेले चार तयार शर्ट एकामागून एक परत गेले. चौथ्याची घडी घालताना तो म्हणाला, "बाबा, दोष शर्टात नाही." त्या रात्री मला झोप आली नाही.

दसरा उलटताच त्याला घेऊन मी दादरला गेलो. ह्या दिवसांत रानडे रोडला आपण चालत नाही. गर्दीच आपल्याला पुढे नेते. आकाशकंदील, पणत्या, रांगोळीचे ढीग चुकवत आम्ही एका जुन्या, चिंचोळ्या दुकानात शिरलो. पुढे कापड, मागे शिलाई. मालकांनी ठाण उलगडले. "५८ पन्हा आहे, साहेब. पूर्ण बाहीला १ मीटर ६० पुरे." मग सुस्कारा टाकून म्हणाले, "एके काळी कापड इथल्याच गिरण्यांतून यायचे. १९८२ च्या संपानंतर भोंगे एकेक करून गप्प झाले."

आतून कटिंग मास्तर आले. १९५६ च्या कायद्याने देशाला मीटर दिला खरा, पण तो ठाणापाशीच थांबला. माणसाचे अंग अजून इंचांतच मोजतात. मास्तर टेप लावून मोठ्याने आकडे सांगत होते आणि हाताखालचा पोऱ्या वहीत उतरवून घेत होता. "छाती ३८. बाही २४॥." दुकानात पाच-सहा गिऱ्हाइके होती. टेप खांद्याकडे वळली तसा मुलगा आखडला.

मास्तर एकदम गप्प झाले. पोऱ्याच्या हातून पेन्सिल घेऊन त्यांनी स्वतःच काहीतरी लिहिले, वही मिटली आणि विचारले, "कॉलर कशी ठेवू, दादा?"

शर्ट आठ दिवसांनी मिळाला. मुलाने तो घातला, सगळी बटणे लावली आणि आरशात बराच वेळ पाहिले. कॉलर सरळ, बटणपट्टी ओळंब्यात.

"मास्तर, दुसरा पहिल्या पगारात शिवीन."

"माप वहीत आहे," मास्तर काज तपासत म्हणाले.

ती नोकरी काही त्याला मिळाली नाही, पुढची मिळाली. पण मला आठवते ती त्याच दिवाळीतली भाऊबीज. एरवी फोटो काढताना तो कडेला, कुणाच्या तरी मागे उजवा खांदा लपवून उभा राहायचा. त्या दिवशी बहिणीने हाक मारली, तेव्हा तो सगळ्यांच्या मधोमध येऊन उभा राहिला.