वयोगट

मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ दोनदा लागतो. पहिल्यांदा पहाटेच्या अंधारात. सीएसएमटीहून सुटायचं, मरीन ड्राइव्ह आणि गिरगाव चौपाटी मागे टाकायची आणि केम्प्स कॉर्नरला वळायचं. तोवर पाय इतके ताजे असतात की रस्ता चढतोय हे कळतही नाही. दुसऱ्यांदा तो येतो पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास, हाजी अलीकडून, उन्हात. जानेवारीतला तिसरा रविवार असला तरी मुंबईची थंडी सूर्य वर आला की आवरतं घेते, आणि हवेतला दमटपणा तर पहाटेपासूनच असतो. अशा वेळी वाटेवरची प्रभुकुंज इमारत कधी मागे पडली याचं भान राहत नाही. चढ संपला का, एवढंच डोळे शोधत असतात.

याच चढावर कुणीतरी हमखास ओरडतं, "क्या बात है आजी! एज इज जस्ट अ नंबर!" ओरडणारा विशीतला, हातात संत्र्याच्या फोडींचं ताट. फोड मी घेते, वाक्य तिथंच सोडून पुढे जाते.

त्या पोराचं मन मोडायचं नसतं, पण वय हा नुसता आकडा नाही. मी त्रेसष्ट वर्षांची आहे आणि धावायला लागले तीच मुळी पन्नाशीनंतर. तेव्हा रविवारी लाँग रन झाला की मंगळवारी मी ठणठणीत असायची. आता बुधवारपर्यंत जिना कठडा धरून उतरते. हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा वयाबरोबर खाली येते. शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता, ज्याला धावणारे 'व्हीओटू मॅक्स' म्हणतात, ती व्यायाम न करणाऱ्यात दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी घटते. सराव असेल तर घट मंदावते, थांबत मात्र नाही. तहानेची जाणीवही बोथट होते. म्हणून घोट घोट पाणी आठवणीनं प्यायचं, आणि भीतीपोटी भसाभसा प्यायचं नाही, कारण रक्तातलं सोडियम पातळ झालं तर ते उन्हापेक्षा वाईट. हे सगळं 'जस्ट अ नंबर' असतं तर बरंच होतं की!

एड व्हिटलॉक हे नाव आमच्या वयाच्या धावणाऱ्यांत आदरानं घेतलं जातं. इंग्लंडमध्ये जन्मलेला, कॅनडातल्या मिल्टन गावी राहणारा निवृत्त इंजिनिअर. घराजवळच्या दफनभूमीत तासन् तास फेऱ्या मारून सराव करायचा, ना कोच ना तामझाम. 2004 मध्ये, वयाच्या 73 व्या वर्षी, तो टोरंटोची मॅरेथॉन 2 तास 54 मिनिटं 48 सेकंदांत धावला. हे वाचून चाळिशीतले धडधाकट लोकही गप्प होतात. पण लोक त्याच्याबद्दल सांगतात ते इथंच थांबवतात. 2016 मध्ये, 85 व्या वर्षी, त्याच शहरात त्याला 3 तास 56 मिनिटं 34 सेकंद लागले. त्या वयासाठी तोही विक्रमच होता. म्हणजे जगातला सगळ्यात चिवट म्हातारा बारा वर्षांत तासाभरानं हळू झाला. मला त्याच्या पहिल्या आकड्यापेक्षा हा दुसरा जास्त धीर देतो. त्यानं वयाला हरवलं नाही, वय धरून तो धावला.

आपल्या फौजा सिंग यांचं तर आणखीच गमतीचं. जालंधरजवळच्या गावातला हा शेतकरी म्हातारपणी इंग्लंडात जाऊन धावायला लागला, 2000 साली लंडनला पहिली मॅरेथॉन धावला, आणि 2011 मध्ये टोरंटोला, शंभरीत, आठ तासांहून अधिक वेळ घेऊन त्यानं अंतर पुरं केलं. गिनीज बुकानं नोंद केली नाही, कारण जन्माचा दाखला नव्हता. 1911 साली पंजाबातल्या खेड्यात दाखला देणार कोण? इथं मात्र वय खरोखर आकडा होता, आणि तोच कागदावर नव्हता.

माझ्या पिढीच्या बायकांचं धावणं म्हणजे लोकल पकडणं. डोंबिवलीहून फोर्टातल्या बँकेत नोकरीला जायची तेव्हा साडीच्या निऱ्या एका हातात आणि डबा दुसऱ्या हातात धरून पळायची. पण त्याला कुणी धावणं म्हणत नसे. न्हाण आलं की पोरीचं पळणं बंद, हा घराघरातला नियम. आणि हे फक्त आपल्याकडचं नव्हे. 1967 मध्ये बोस्टनला कॅथरिन स्विट्झर नंबराचा बिब लावून धावत होती, तर एका अधिकाऱ्यानं भर रस्त्यात तो ओढून काढायचा प्रयत्न केला. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला 1984 साल उजाडलं. लॉस एंजेलिसला जोन बेनॉइट जिंकली, तेव्हा मी नोकरीला नुकतीच चिकटले होते आणि दादर कधी येतंय याची वाट बघत दारात उभी राहत होते. या खेळाचा आणि माझा उशीर तसा बरोबरीचाच.

आमच्या धावण्याच्या ग्रुपमध्ये बारामतीच्या लता करेंचा विषय निघाला की सगळ्यांच्या अंगावर रोमांच उभे राहतात. नवऱ्याच्या उपचारांना पैसे हवेत म्हणून ही बाई नऊवारी नेसून अनवाणी धावली आणि ज्येष्ठांच्या शर्यतीत पहिली आली. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. मला मात्र रोमांचाबरोबर थोडं अवघडायलाही होतं. आम्ही हजारोंचे बूट घालून, घड्याळात पेस बघत, तब्येतीसाठी आणि हौसेसाठी धावतो. त्यांना प्रेरणास्थान म्हणून भिंतीवर लावायचं आणि एका शेतमजूर बाईला त्या वयात तपासणीच्या पैशांसाठी पळावं का लागलं हे विचारायचं नाही, हे काही मला जमत नाही.

असो. शर्यत जमते ती कशी, ते सांगते. स्नायूंत आणि यकृतात साठलेलं ग्लायकोजेन तीस-बत्तीस किलोमीटरच्या सुमारास संपत येतं, आणि पहिल्या दहा किलोमीटरमध्ये जो जितका उधळला असेल तितकी त्याची नंतर फजिती होते. मरीन ड्राइव्हवर अंधारात तरुण पोरं वाऱ्यासारखी मागं टाकून जातात. जाऊ द्यायचं. महिन्याच्या सुरुवातीलाच पगार उडवू नये हे ज्यांनी वर्षानुवर्षं पाळलंय, त्यांना हे शिकवावं लागत नाही. पुढे वरळीहून सी-लिंक लागतो. 2009 मध्ये तो खुला झाला तेव्हापासून तिथं एरवी पायी पाऊल टाकायला मनाई आहे. या एका सकाळी मात्र डावीकडे समुद्र, वर ते जाडजूड केबल आणि हजारो पावलांचा चपचप आवाज. मग वांद्रे, माहीम. शिवाजी पार्कपाशी लोक खुर्च्या टाकून बसलेले असतात. कुणी चिक्की देतं, कुणी गुळाचा खडा, कुणी पोटरीवर स्प्रे मारतं. "थोडंच राहिलंय!" हे वाक्य तिथून सुरू होतं आणि शेवटपर्यंत दर दोनशे मीटरवर ऐकू येतं. इतकं प्रेमळ खोटं मुंबईत दुसरीकडे कुठं बोललं जात नसेल. प्रभादेवीपुढे मला गर्दीतली तीच ती माणसं दिसू लागतात: मरीन ड्राइव्हवर वारा झालेली, आता कमरेवर हात ठेवून चालणारी, एखादा पोटरीतला गोळा सोडवत फुटपाथवर बसलेला. मी त्यांच्या शेजारून जाते. आनंद होतो, का लपवू?

घरी आल्यावर सोसायटीत एकच प्रश्न, "नंबर कितवा आला?" इतक्या हजारांत कितवा ते सांगून समोरच्याचा चेहरा पडलेला बघण्यापेक्षा मी वयोगटातला सांगते. ही पळवाट नाही. निकालाची यादी हा मला माहीत असलेला एकमेव सार्वजनिक कागद आहे जो वय लपवत नाही, कुरवाळत नाही, नुसतं नोंदवतो. साठ ते पासष्टच्या आत एक रकाना, पासष्ट ते सत्तरच्या आत दुसरा. माझ्या रकान्यात दोघी-तिघी नुकत्याच साठीत शिरलेल्या आहेत. त्या भयंकर पळतात, आणि त्यांच्यापुढे माझी डाळ शिजत नाही.

अहोंनी परवा विचारलं, वाढदिवसाला काय हवं? म्हटलं, यंदा काही नको. पासष्टावा आला की द्या काय ते. त्या रकान्यात मी सगळ्यात लहान असणार आहे, आणि तिथं आता कोण कोण धावतं, त्यांच्या वेळा काय आहेत, हे मी आधीच बघून ठेवलंय.