धानाच्या नावाचे गाव

गडचिरोलीहून छत्तीसगडकडे जाणारा रस्ता धरला की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंनी जंगल लागते. वाटेत शोधग्रामची पाटी दिसते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 पासून याच भागात राहून नवजात बाळांना गावातच कसे वाचवता येते ते जगाला दाखवले. पुढे कठाणी नदी, मेंढा-लेखा आणि मग धानोरा. तालुक्याचे ठिकाण असले तरी गाव लहानच. बसस्थानक, कचेऱ्या, शाळा, दुकाने आणि गाव संपले की लगेच धानाच्या बांध्या.

इथली मुले शिकायला बाहेर गेली आणि गावाचे नाव सांगितले की समोरून पहिला प्रश्न येतो, "तिकडे नक्षलवादी असतात ना?" पोर गप्प बसते. प्रश्न अगदी खोटाही नाही. फेब्रुवारी 2009 मध्ये याच तालुक्यात मरकेगावजवळ 15 पोलीस मारले गेले. अल्लाह अशी वेळ कोणत्याही घरावर आणू नये. पण गावाची एवढी एकच ओळख मुलांच्या वाट्याला यावी, हे मला शिक्षिका म्हणून सलते.

हा मुलूख जुना आहे. जवळच्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद अबुल फजलने 'आईने अकबरी'त केली आहे. इंग्रजांच्या काळात चांदा जिल्ह्यात ज्या लहानमोठ्या जमीनदाऱ्या होत्या, त्यांत धानोरा, रांगी, मुरुमगाव ही नावे सापडतात. 1951 मध्ये जमीनदारी आणि मालगुजारी गेली. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. हिरे केव्हाच संपले, जमीनदारही गेले. धान मात्र आहे.

मालगुजारांच्या काळातले तलाव पूर्व विदर्भात आजही 'मामा तलाव' म्हणून ओळखले जातात. 'माजी मालगुजारी'चे 'मामा' झाले! मुलांना हे सांगितले की वर्ग हसतो. पण त्यातले किती तलाव गाळाने भरलेत, हे त्यांच्या घरच्यांना विचारा. 1980 मध्ये वनसंवर्धन कायदा आला आणि जिल्ह्यातले कारवाफा, तुलतुलीसारखे सिंचन प्रकल्प रखडले. त्यामुळे पऱ्हे टाकण्यापासून रोवणीपर्यंत शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडेच असतात. आपल्या शरीयतमध्ये पावसाच्या पिकावर उश्र म्हणजे दहावा हिस्सा, आणि मेहनत-खर्चाने पाणी दिलेल्या पिकावर विसावा. पावसाचे पाणी आणि मोटारीचे पाणी यातला फरक या भागात पुस्तकातून शिकवावा लागत नाही. ज्याची बांधी दोन्हींवर पिकते त्याने हिशेब आलिमांना विचारून करावा.

या पट्ट्यातल्या धानाची गोष्ट निघाली की दादाजी खोब्रागडे यांचे नाव घ्यावेच लागते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले नांदेड हे त्यांचे गाव. जेमतेम शिकलेला हा दीड एकराचा शेतकरी. 1983 मध्ये आपल्या शेतातल्या काही वेगळ्या लोंब्या त्यांच्या नजरेत भरल्या. त्या त्यांनी निवडून ठेवल्या, पुन्हा पुन्हा पेरल्या. त्यातून आलेल्या वाणाला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव मिळाले, एचएमटी. हा तांदूळ पुढे कितीतरी राज्यांत पोचला. 2018 मध्ये दादाजी गेले ते गरिबीतच. बिर्याणीसाठी बासमती शोधणाऱ्या आपल्या घरांनी रोजच्या भाताचे हे नावही माहीत करून घ्यावे.

आता मेंढ्याबद्दल. धानोऱ्यापासून हे गोंड वस्तीचे गाव अवघे तीनेक किलोमीटर. मरकेगावच्या बातमीने देश हादरला, त्याच 2009 साली या गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याचाच! गावाने तोही प्रश्न लावून धरला. एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. बंदूक नाही, मोर्चाची दगडफेक नाही. देवाजी तोफा आणि त्यांच्या सोबत्यांनी हे घडवले ते अभ्यासगटात कायदा वाचून आणि ग्रामसभेत बसून.

मला त्यांच्या ग्रामसभेची रीत फार आवडते. तिथे बहुमताने निर्णय होत नाही. एकाचीही हरकत असेल तर बोलणे चालूच राहते. सगळ्यांचे एकमत झाले की मगच ठराव. आपल्याकडे मशवऱ्याचे महत्त्व एवढे की कुरआनात 'शूरा' नावाची सूरहच आहे. पण मोहल्ल्याच्या कमिटीत दोघांचे पटले नाही की तिसऱ्या दिवशी दुसरी कमिटी उभी राहते. मेंढ्याच्या लोकांना कुणी मशवऱ्यावर बयान दिलेले नाही.

इकडे यायचे असेल तर दिवाळीच्या सुमारास या. धान कापणीला आलेले असते, कुठे बांधीत पुंजणे रचलेले दिसतात, सकाळी कठाणीवर धुके असते. गडचिरोलीहून एसटी मिळते. मेंढ्याला उतरायचे असेल तर कंडक्टरला आधीच सांगून ठेवा.