चिमणीखालचा कॅपुचिनो

सोमवार ते शुक्रवार लोअर परेलला उतरणारी आपली जमात मोठी आहे. ऑफिस कुठं, असं कुणी विचारलं की आपण बिनधास्त सांगतो, 'अमुक मिल कंपाउंड'. कॅबवाल्याला तेच, कुरिअरवाल्याला तेच. त्यातली 'मिल' कुठं गेली, हा प्रश्न मात्र डेडलाइनच्या भानगडीत राहून जातो.

मीही त्यातलीच. चार वर्षं अशाच एका कंपाउंडमध्ये लॅपटॉप बडवतेय. मागच्या महिन्यात एका शनिवारी ठरवलं, या भागात उलट्या बाजूनं शिरायचं. चिंचपोकळीला उतरायचं आणि लालबागमधून चालत फिनिक्स गाठायचं. सोबतीला माझ्या कलीगचे वडील होते. सत्तरीचे, गाव साताऱ्याकडचं, तरुणपणी साचेवाले. म्हणजे गिरणीत लूम चालवणारे. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो.

सकाळी आठ, लालबाग

लालबागला सकाळी मसाल्याचा वास येतो आणि चिवडा गल्लीत पोह्यांच्या पाट्या उतरत असतात. काका चालता चालता बोट दाखवत होते. इथं खानावळ, तिथं तालीम, वरच्या माळ्यावर भजनी मंडळ. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस गडी राहायचे. ते मावायचे कसे, असं मी विचारलं.

"मावायचं कशाला पोरी? पाळ्या होत्या की. एक पाळी कामावर, एक झोपलेली, एक बाहेर."

गावाहून एकट्या आलेल्या या गड्यांना जेवू घालायच्या त्या खानावळवाल्या बायका. याच बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. आपण आज ज्याला 'वर्किंग वुमन नेटवर्क' म्हणतो, ते इथं पोळपाटावर उभं राहिलं होतं.

मुंबईतली पहिली कापड गिरणी निघाली ती १८५४ मध्ये, ताडदेवला. मग शंभरेक वर्षं हा सगळा पट्टा भोंग्यावर चालला. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बहुतेकांना परत आत जाताच आलं नाही. काकांनी त्यानंतर भाजी विकली, वॉचमनगिरी केली, मुलाला इंजिनीअर केलं. हे ते अगदी दोन वाक्यांत सांगतात, आणि तिसरं विचारलं तर "चल, चहा घेऊ" म्हणतात.

तीन वाटे, एक शब्द

करी रोडचा पूल ओलांडला की ना. म. जोशी मार्ग, जुना डिलाइल रोड. इथून समोर एकदम टॉवर्सची भिंत दिसायला लागते. ती कशी उभी राहिली, याची गोष्ट एखाद्या थ्रिलरपेक्षा कमी नाही.

मुंबईत पन्नासहून जास्त गिरण्या आणि त्यांची साधारण ६०० एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची, तर ढोबळमानानं तीन वाटे करा. एक महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं सरकारी गिरण्यांबद्दल सांगितलं, की जमिनीचे सुटे तुकडे नकोत, सगळं एकत्र आखा.

२००१ मध्ये नियम बदलला. वाटणी होणार ती फक्त 'मोकळ्या' जमिनीची. आता गिरणी म्हटली की शेड आलीच, गोदामं आलीच. मोकळी जमीन उरते किती? शहराचा वाटा एकदम आक्रसला. प्रकरण कोर्टात गेलं. २००५ मध्ये हायकोर्टाचा निकाल शहराच्या बाजूनं लागला आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो फिरवून नवा नियम कायम ठेवला.

दरम्यान लिलाव जोरात होते. २००५ मध्ये मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे १७ एकर जमीन ७०२ कोटींना गेली. तीच जमीन २०१२ मध्ये सुमारे २,७०० कोटींना पुन्हा विकली गेली. आज तिथं लोढा पार्कचे टॉवर आहेत.

दुपारी एक, फिनिक्स

पुलावरून उतरून आम्ही सेनापती बापट मार्गावर आलो. १९०५ ची फिनिक्स मिल. तिची चिमणी अजून उभी आहे आणि तिच्या आसपास जगातले सगळे ब्रँड. मी कॅपुचिनो घेतली, काकांनी पाणी. ते चिमणीकडे बघत म्हणाले, "छान ठेवलीय."

खरं सांगू? मलाही ही जागा आवडते. गंजक्या शेड्सपेक्षा नोकऱ्या, घरं, सिनेमा, हॉटेलं कधीही बरी. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये याला 'मिक्स्ड-यूज' म्हणतात. पण घर, काम, जेवण, करमणूक दहा मिनिटांच्या अंतरावर, हा फंडा गिरणगावानं आधीच जगून दाखवला होता. फरक एवढाच, की आता सगळं आहे, पण आपापल्या कंपाउंडच्या आत. बाहेर रस्ता तोच जुना, फूटपाथ तोच, स्टेशनचा जिनाही तोच. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. बरोबर तीन महिन्यांनी कमला मिलमधल्या आगीत १४. दोन्हीकडे आपल्याच वयाची, आपल्यासारखीच ऑफिसला किंवा पार्टीला निघालेली माणसं होती.

घरांचं म्हणाल, तर गिरणी कामगारांसाठी म्हाडाच्या सोडती निघाल्या. २०१२ मध्ये ६,९२५ घरं, मार्च २०२० मध्ये ३,८९४. अर्ज मात्र दीड लाखाहून जास्त. काकांच्या एका मित्राला घर लागलंय, २२५ फुटांचं. मी विचारलं, खूश आहेत का?

"आहे की. वारं झकास येतं. पण खाली उतरायचं म्हटलं की शर्ट घालावा लागतो म्हणतो."

चाळीतला माणूस बनियनवर गॅलरीत येतो आणि तिथंच त्याचा दिवस सुरू होतो. ती गॅलरी कुठल्याच प्लॅनमध्ये आली नाही.

पुढचा नंबर बंदराच्या जमिनीचा. पूर्व किनाऱ्याच्या विकासाची चर्चा कधीपासून चालू आहे, काही बंद गिरण्याही अजून पडून आहेत. तिथं उद्या फ्लॅट बुक करणारे आपणच असू. सॅम्पल फ्लॅट बघताना मॉड्युलर किचनबरोबर एक प्रश्न जरूर विचारा: कंपाउंडच्या बाहेरचा रस्ता, बाग आणि स्टेशनचा पूल कोण बांधणार?

कसं जाल

मध्य रेल्वेनं चिंचपोकळी किंवा करी रोड. रमतगमत तीन तास धरा. शनिवारी सकाळी आठला निघा, पायात आरामशीर बूट हवेत. लालबागचा चिवडा घ्यायला विसरू नका. जमलं तर घरातल्या, शेजारातल्या एखाद्या जुन्या गिरणीवाल्याला सोबत न्या. चहा मात्र टपरीवरचाच.