फेरारीची भावकी पलूसात

सचिनची फेरारी आठवतेय? लालभडक 360 मोडेना! ब्रॅडमनच्या 29 कसोटी शतकांची बरोबरी केली म्हणून 2002 साली फियाटनं ती त्याला भेट दिली. सिल्व्हरस्टोनला, खुद्द मायकेल शूमाकरच्या हस्ते. मग कस्टम ड्यूटीची माफी, त्यावरून देशभर झालेला गदारोळ, कोर्ट आणि शेवटी कंपनीनंच भरलेले 1 कोटी 13 लाख. 2011 मध्ये सचिननं ती सुरतच्या एका व्यावसायिकाला विकून टाकली.

गंमत म्हणजे तसल्या 360 मोडेना फेरारीनं हजारोंनी बनवल्या. इंजिन तेच, रंग तोच. तरी ही एकच गाडी आपल्याला पाठ आहे, कारण तिच्या कागदांवर कुणाचं नाव होतं ते आपल्याला माहितीये. जुन्या इटालियन सुपरकार्सचा बाजार असाच चालतो. घेणारा आधी बॉनेट उघडत नाही, फाइल उघडतो. पहिला मालक कोण, दुसरा कोण, मधली चार वर्षं गाडी कुठे होती? साखळीतली एक कडी गायब असली की किंमत धाडकन खाली.

फाइल पटली की तो खाली वाकून टायर बघतो. मोडेनाला पुढे 215/45 आणि मागे 275/40, दोन्ही 18 इंची. पुढचे-मागचे वेगळे, अदलाबदल चालत नाही. लॅम्बोर्गिनी कुन्टाशची तऱ्हा त्याहून भारी. पहिल्या एलपी 400 ला मागे 215 मिलिमीटर रुंदीचे टायर होते. 1978 च्या एलपी 400 एसला पिरेलीचे पी 7 आले, मागे चक्क 345! एकीचे टायर दुसरीला लावले तर गाडी धावेलही, पण शौकीन माणूस हसेल आणि पैसे कमी देईल. म्हणून तर पिरेली आणि मिशलिन जुन्या मापांचे टायर आजही नव्यानं बनवतात.

हे सगळं मी एका लेखासाठी गोळा करत होते, तेव्हाच पलूसहून मामाचा फोन आला. ‘अगं, पुण्याचा एक जण गाडी मागतोय. बरे पैसे देतोय. तू गाड्यांवर लिहितीस न्हवं, ये बघू जरा.’

मामाकडे फेरारी नाही हे सांगायला नको. त्याच्याकडे 1970 ची फियाट 1100 आहे, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्यात बनवलेली. स्टिअरिंगला गिअर, 1089 सीसी. पण फियाटनं 1969 मध्ये फेरारीचा अर्धा हिस्सा घेतला, त्यामुळे मामाच्या हिशेबानं ही फेरारीची भावकीच! किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात उभी हयात गेलेला माणूस. मशीनबद्दल चेष्टा करत नाही, हे गंभीरपणे सांगतो.

आरसी बुक त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून काढलं. आजच्या स्मार्ट कार्डवाल्यांना कळणार नाही, पण त्या बुकात गाडीची अख्खी जन्मकुंडली असते. मिरजेचे एक डॉक्टर, मग सांगलीचे हळदीचे व्यापारी, मग 1988 पासून मामा. प्रत्येक ट्रान्सफरचा शिक्का आणि तारीख जागेवर. सही केलेल्या कोऱ्या फॉर्मवर गाड्या फिरण्याच्या त्या जमान्यात हे दुर्मीळच म्हणायचं! इंजिन नंबरही बुकातलाच. कित्येक फियाटना नंतर डिझेल इंजिन बसवलं गेलं, ही वाचली.

अडचण निघाली टायरमध्ये. माझा मामेभाऊ हिंजवडीत नोकरीला आहे. त्याला गाडीला अलॉय व्हील आणि रुंद लो प्रोफाइल टायर टाकायचे होते. ‘लुक बघ ना यार!’ कंपनीचं माप 5.20-14, म्हणजे सव्वापाच इंचांच्या आतली रुंदी आणि भरपूर उंची. त्या जागी बुटका टायर आला की चाकाचा घेर कमी होतो, स्पीडोमीटर खोटा वेग दाखवतो. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे रुंद रबर वळवताना सत्तरीच्या मामाचे खांदे निघतील ते वेगळंच.

पण खरा धोका डिकीत होता. स्टेपनीवर नक्षी अगदी कोरी, मामाला तिचा केवढा अभिमान! मी बाजूवरचा डॉट कोड शोधला. 2000 पासूनच्या टायरवर आठवडा आणि वर्ष मिळून चार आकडे असतात. हिच्यावर तीनच. म्हणजे रबर पंचवीस वर्षांहून जुनं! नक्षी झिजली नसली तरी रबर आतून कडक होतं, भेगा पडतात. टायर कंपन्या दहा वर्षांनंतर बदलाच म्हणतात. आणि चालू चाकांत पुढे एका बाजूला रेडियल, दुसऱ्या बाजूला जुना क्रॉस-प्लाय. एकाच अ‍ॅक्सलवर हे दोन प्रकार म्हणजे ब्रेक लावल्यावर गाडी कुठे ओढेल याचा नेम नाही. याच गाडीतून मामा-मामी दर आठवड्याला भिलवडीला जातात. मी दोघांनाही खडसावलं. मामी म्हणाली, ‘मी कधीची सांगतीय, पण माझं कोण ऐकतंय?’

पुण्याच्या गिऱ्हाइकाला गाडी विन्टेज म्हणून नोंदवायची होती. 2021 च्या केंद्राच्या नियमांत ती बसते. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, चॅसिस, बॉडी, इंजिन मूळचं. नव्या नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. पण अट अशी की अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती.

मामानं हे दोनदा वाचून घेतलं. ‘म्हणजे बाजाराला न्यायची न्हाई?’

‘नाही.’

‘मग गाडी कशाला म्हणायची तिला?’

मामेभावानं पैशांचा आकडा पुन्हा ऐकवला. घराचं वरचं छत गळतंय, हेही खरं. माझं मत विचाराल तर, कागद इतके स्वच्छ असताना घाई कशाला? पुढल्या वर्षीही किंमत येईलच. मामानं पुण्याला ‘दिवाळीनंतर बघू’ असं कळवलंय. दरम्यान शोधाशोध करून 5.20-14 चे पाच टायर मिळाले, स्टेपनीसकट. ट्यूबवाले आहेत. आता त्या मापाच्या ट्यूबसाठी त्यानं पलूसपासून सांगलीपर्यंतच्या पंक्चरवाल्यांना कामाला लावलंय, आणि ट्यूब मिळेपर्यंत गाडीची चावी मामीकडे आहे.