आधी गेटवेची जागा

नोव्हेंबर सरत आला की पनागरच्या शिवारात मटर तोडणीला येतो आणि पुढचे दोन-तीन महिने जबलपूर-कटनी रस्त्यावरचं हे गाव रात्रीही जागं असतं. पनागर, पाटण, शहपुरा, सिहोरा हा सारा मटराचा पट्टा. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत जबलपूर जिल्ह्याच्या नावापुढे मटरच लिहिलेला आहे. माल काट्यावर येतो, वजनाची चिठ्ठी निघते, प्रतवारी होते. काही माल शीतगृहात जातो, काही सरळ ट्रकमध्ये चढतो. चिठ्ठीवरचा आकडा मात्र आता पनागरात थांबत नाही. तो त्याच क्षणी पुण्यातल्या डेटा सेंटरमध्ये नोंदला जातो आणि जबलपूरच्या कचेरीतला मुनीम तो समोर बघून शेतकऱ्याचा हिशेब करतो.

हा आकडा सुखरूप पोचवणं हे माझं काम. जबलपूरची मराठी घरं जुनी. नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी होती तेव्हापासून इथली माणसं रेल्वेत, गन कॅरेज फॅक्टरीत, कोर्टकचेऱ्यांत नोकऱ्या करत आली. माझ्या वाट्याला नेटवर्क आलं. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे आपल्या ‘अझूर’ या क्लाउडचे विभाग उघडले, तेव्हापासून पनागरसारख्या गावातल्या धंद्यालाही स्वतःची सर्व्हर-खोली न बांधता काम करता येऊ लागलं. क्लाउडमध्ये आपल्यापुरतं एक व्हर्च्युअल नेटवर्क आखायचं, त्याचे सबनेट, म्हणजे पत्त्यांचे तुकडे, पाडायचे, एका सबनेटमध्ये व्हीपीएन गेटवे उभा करायचा आणि तिथून पनागरच्या राउटरपर्यंत टनेल जोडायचा. माहिती सार्वजनिक इंटरनेटवरूनच जाते, पण कुलूपबंद होऊन जाते.

ऐकायला हे चार टप्पे सारख्याच वजनाचे वाटतात. तसे ते नाहीत. सर्व्हर लहान पडला तर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मोठा करता येतो. पासवर्ड बदलता येतो, गेटवेची प्रत वाढवता येते. पत्त्यांचा आराखडा मात्र एकदा वापरात आला की बदलायला फार महाग पडतो, कारण प्रत्येक यंत्र, प्रत्येक नियम, प्रत्येक छापील सूचना त्याच्यावर उभी राहिलेली असते. म्हणून या कामात सगळ्यांत जास्त वेळ मी संगणक सुरू न करता, कागद पुढे घेऊन घालवतो.

त्या कागदावरचा हिशेब अवघड नाही. आयपी पत्ता ३२ बिटांचा. पत्त्यानंतरच्या तिरप्या रेषेपुढचा, म्हणजे स्लॅशपुढचा, आकडा सांगतो की त्यांतले किती बिट ठरलेले आहेत, उरलेले आपले. स्लॅश २४ म्हटलं की ८ बिट उरतात, म्हणजे २५६ पत्ते. स्लॅश २७ म्हटलं की ५ बिट, म्हणजे ३२ पत्ते. अझूर प्रत्येक सबनेटमधले पहिले चार आणि शेवटचा एक असे ५ पत्ते स्वतःकडे ठेवतो. त्यामुळे स्लॅश २७ मध्ये आपल्याला मिळतात २७, आणि स्लॅश २९ मध्ये, जिथे मुळात ८च असतात, फक्त ३.

गेटवेच्या सबनेटचे नियम इतरांपेक्षा कडक आहेत. त्याचं नाव ठरलेलं आहे: गेटवेसबनेट, मध्ये जागा न सोडता, इंग्रजीत नेमक्या त्याच अक्षरांत. दुसरं काहीही नाव दिलं तर गेटवे तिथे उभाच राहत नाही. त्या सबनेटमध्ये दुसरं कुठलंही यंत्र ठेवायचं नाही. इतर सबनेटवर आपण सुरक्षेचे जे नियम लावतो ते इथे लावायचे नाहीत. सगळी वाहतूक तिसरीकडे वळवणारा सरसकट मार्गही इथे चालत नाही. आणि आकार? अगदी साध्या प्रतीच्या गेटवेला स्लॅश २९ पुरतो; बाकी सगळ्यांना स्लॅश २७ किंवा त्याहून मोठी जागा लागते.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलाने पनागरच्या आराखड्यावर बोट ठेवून विचारलं, “दादा, गेटवे एकच आहे ना? मग बत्तीस पत्ते कशाला अडकवायचे?”

“गेटवे एक दिसतो,” मी म्हटलं, “आत दोन यंत्रं असतात. एक चालू, एक तयारीत. उद्या दोन्ही एकदम चालवायची ठरली, किंवा याच्याच शेजारी खासगी लाइनचा गेटवे बसवायचा झाला, तर जागा कुठून आणशील?”

“तेव्हा सबनेट वाढवू.”

“आत गेटवे बसलेला असताना? तो काढावा लागेल, सबनेट नव्याने करावा लागेल, मग गेटवे पुन्हा उभा करायचा. त्याला पाऊण तास आणि कधी त्याहून जास्त लागतो. रात्री अकराला काट्यावर ट्रकची रांग असताना तो पाऊण तास तू कुणाकडून मागणार?”

त्याने पेन्सिलीने ती जागा गडद केली. शेतकऱ्याच्या मुलाला याहून जास्त सांगावं लागत नाही. शेत कितीही लहान असो, वहिवाटेची पट्टी पेरायची नसते. पीक उभं राहिल्यावर बैलगाडी काढायची म्हटली तर पीकच तुडवावं लागतं. गेटवेसबनेट ही ती न पेरलेली पट्टी.

आम्ही अख्ख्या धंद्यासाठी १०.४०.०.०/१६ ही रेंज धरली. त्यातला पहिला तुकडा, १०.४०.०.०/२०, पुण्याच्या क्लाउडला. म्हणजे ४०९६ पत्ते. त्यात पहिल्या स्लॅश २४ मध्ये हिशेबाची प्रणाली, दुसऱ्यात डेटाबेस, आणि तुकड्याच्या अगदी शेवटी, १०.४०.१५.२२४/२७ वर, गेटवे. मधली जागा रिकामी. पनागरला १०.४०.१६.०/२४, जबलपूरच्या कचेरीला १०.४०.१७.०/२४. घरून काम करणाऱ्यांना व्हीपीएनवर आल्यावर जे पत्ते मिळतात त्यांच्यासाठी १०.४०.४८.०/२४ हा वेगळा पूल. पुढेमागे चेन्नईत दुसरी प्रत ठेवायची झाली तर १०.४०.३२.०/२० मोकळी. एकही तुकडा दुसऱ्यावर चढत नाही.

हे ‘चढत नाही’ म्हणजेच या कामाचा गाभा. आपल्याकडे घरातले पुष्कळ राउटर १९२.१६८.१.० किंवा १९२.१६८.०.० ही रेंज घेऊन येतात. पनागरच्या मटराच्या युनिटमध्ये १९२.१६८.१.० होती, जबलपूरच्या कचेरीत तीच, आणि नागपूरहून घरबसल्या खाती तपासणाऱ्या लेखापालांच्या घरीही तीच. प्रत्येक ठिकाणी, आपापल्या भिंतींच्या आत, सगळं ठीक चालत होतं. जोडायची वेळ आली तेव्हा प्रश्न उभा राहिला. पनागरच्या संगणकाने जबलपूरच्या १९२.१६८.१.१० या पत्त्यावर काही पाठवलं, तर तो पत्ता आपल्याच खोलीतला आहे असं तो समजतो. पाकीट गेटवेपर्यंत जातच नाही. टनेल जोडलेला दिसतो, हिरवी खूण असते, कुठेही चूक दाखवली जात नाही. फक्त पलीकडे काही पोचत नाही. वरच्या प्रतीच्या गेटवेवर पत्ते बदलून पाठवण्याची सोय आहे आणि दोन जुन्या कंपन्या एक होताना तिचा उपयोगही होतो. पण नव्याने बांधताना तिच्यावर विसंबणं म्हणजे पुढच्या प्रत्येक तपासणीत दोन-दोन पत्ते लक्षात ठेवण्याची शिक्षा.

ही अडचण लोकांना फार आधीच दिसली होती. खासगी वापराचे तीन पट्टे, १० पासूनचा, १७२.१६ पासूनचा आणि १९२.१६८चा, फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने नक्की केले. पहिल्यात १,६७,७७,२१६ पत्ते, दुसऱ्यात १०,४८,५७६, तिसऱ्यात ६५,५३६. त्याच दस्तऐवजात शिफारस आहे की या पट्ट्यांतून आपली रेंज यादृच्छिक निवडावी, कारण दोन संस्था पुढे कधी जोडल्या गेल्या तर टक्कर होण्याचा संभव कमी राहतो. इतक्या वर्षांनंतरही आपण सुरुवातीचाच आकडा उचलतो. अझूरचं पोर्टल नवं नेटवर्क करताना १०.०.०.०/१६ सुचवतं आणि लोक पुढे जातात. डॉकर हे सॉफ्टवेअर स्वतःसाठी १७२.१७.०.०/१६ घेतं, तेही कुणी पाहत नाही. १०.४० मध्ये काही जादू नाही. तो सहसा दुसऱ्या कुणी घेतलेला नसतो एवढंच.

रेंज कागदावर बदलणं सोपं, पनागरात बदलणं कष्टाचं. संगणकांना नवे पत्ते राउटर आपसूक देतो. काट्याजवळचा प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, हजेरीचं यंत्र यांचे पत्ते मात्र कुणीतरी कधीकाळी हाताने भरलेले असतात, आणि तो माणूस आता तिथे नसतो. अशी यंत्रं एकेक शोधायची, मागे वाकून केबल पाहायची, नवा पत्ता घालायचा, चिठ्ठी छापून बघायची. हे काम पावसाळ्यात करायचं. तेव्हा मटराची पेरणी अजून व्हायची असते, युनिट शांत असतं आणि काटा अर्धा दिवस बंद राहिला तरी कुणाचा माल खराब होत नाही. हंगामात सुरू झालेलं नेटवर्कचं काम शेतकऱ्याच्या वेळेतून जातं. तो वेळ आपला नाही.

गावाकडे आणखी एक गाठ पडते. साधं फायबर कनेक्शन घेतलं की राउटरला बाहेरून जो पत्ता मिळतो तो पुष्कळदा १००.६४ पासूनच्या पट्ट्यातला असतो. म्हणजे तो सार्वजनिक नसतो. सेवा देणाऱ्याने अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेलं असतं. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले आयपीव्ही४ पत्ते ३ फेब्रुवारी २०११ ला संपले आणि पुढच्या वर्षी हा पट्टा याच सोयीसाठी राखला गेला. घरच्या वापराला त्याने काही बिघडत नाही. पण गेटवेला समोरचा राउटर इंटरनेटवर सापडावा लागतो आणि ५०० व ४५०० या यूडीपी पोर्टवर बोलणं व्हावं लागतं. म्हणून कनेक्शनच्या अर्जातच स्थिर सार्वजनिक आयपी मागून घ्यावा. दरमहा थोडे पैसे जास्त जातात, आणि टनेल कुणाच्या मर्जीवर राहत नाही.

या सगळ्या खटाटोपातून शेवटी उरतो एक तक्ता: रेंज, कुठे, कशासाठी, केव्हा दिली, कोणाला विचारायचं. मोकळ्या ठेवलेल्या रेंजाही त्यात लिहिलेल्या, आणि त्या का मोकळ्या आहेत हेही. हा तक्ता मी मालकाच्या हाती देतो, स्वतःजवळ अडवून ठेवत नाही. उद्या दुसरा कुणी हे काम बघेल, आणि त्याला रिकामी दिसणारी जागा वाया गेलेली वाटू नये.

लहान धंद्याला एवढा विचार कशाला, असं मला पुष्कळदा ऐकवलं जातं. माझं मत उलट आहे. मोठ्या कंपनीकडे चूक निस्तरायला माणसं असतात. पनागरच्या युनिटकडे काट्यावरचा एक मुलगा आणि कचेरीतला एक मुनीम असतो. त्यांच्यासाठी तरी आराखडा पहिल्यांदाच नीट व्हायला हवा. तुमच्या दुकानात, दवाखान्यात, कारखान्यात राउटर आजही १९२.१६८.१.१ वर बसलेला असेल, तर काम कमी असेल असा एक दिवस निवडा, यंत्रांची यादी करा आणि स्वतःची वेगळी रेंज ठरवा. क्लाउडमध्ये पहिला सर्व्हर उभा करण्याआधी गेटवेसाठी स्लॅश २७ बाजूला काढा. तो तुम्हाला आज लागणार नाही. ज्या दिवशी लागेल, त्या दिवशी मागून मिळणार नाही.