तालमीतले दोन कॅमेरे

रंगीत तालमीत फोटोग्राफरला बहुधा तिसऱ्या-चौथ्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला जागा मिळते. दिग्दर्शक दोन रांगा मागे वही उघडून बसलेला असतो, प्रकाशयोजनाकार त्याच्याही मागे. तिथून रंगमंच इतका जवळ असतो की दोन संवादांमधल्या थांब्यात नटाने घेतलेला श्वास ऐकू येतो. साहजिकच आपलं शटरही नटाला ऐकू जातं. नाटकाचे फोटो काढताना उजेड कमी, हालचाल फार, अंतर ठरलेलं, या सगळ्या अडचणी असतातच. पण माझ्या लेखी त्यातली सर्वात मोठी अडचण आवाजाची. कॅमेऱ्याबद्दल मी जे काही बोलतो ते तिथूनच सुरू होतं.

माझ्या पिशवीत सोनीच्या दोन बॉड्या असतात. एक अल्फा ६०००, २०१४ साली आलेली, नवशिक्यांना आणि हौशी लोकांना परवडावी म्हणून काढलेली. अमेरिकेत तिची नुसती बॉडी तेव्हा ६५० डॉलरला मिळे. दुसरी अल्फा ६७००, २०२३ सालची, तेव्हा १४०० डॉलरची आणि त्याच घराण्यातली सर्वात पुढारलेली. दोघींचा सेन्सर एकाच आकाराचा, लेन्सही एकमेकींना चालतात. कागदावर पाहिलं तर पहिलीचे २४ मेगापिक्सेल आणि दुसरीचे २६, आणि एका सेकंदात दोघीही ११ फोटो काढतात. नऊ वर्षांत वाढलं काय, असा प्रश्न हे आकडे वाचून कुणालाही पडेल. नाट्यगृहात बसलं की उत्तर मिळतं.

६००० ला मूक शटर नाही. बटण दाबलं की पडदा सरकल्याचा आवाज होणारच. शिवाजी मंदिरासारख्या मोठ्या नाट्यगृहात, विनोदी नाटक रंगात आलेलं असताना, तो कुणाच्या लक्षातही येत नाही. पण पुण्याच्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत पहिली रांग आणि नट यांच्यात चार पावलांचं अंतर असतं. तिथे शटरचा प्रत्येक आवाज नाटकात शिरतो. 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकाच्या शेवटाकडे नायिका बेणारे बोलू लागते आणि बाकीची पात्रं जागच्या जागी थिजतात. त्या स्वगताच्या मधोमध शटर वाजवणं म्हणजे त्या बाईचं बोलणं तोडणं. फोटो कितीही चांगला निघणार असला तरी तो मी काढत नसे.

त्यामुळे या कॅमेऱ्याबरोबर एक पद्धत बसत गेली. आधी संहिता मागून घ्यायची. शक्य असेल तर साध्या कपड्यांतली एखादी तालीम नुसती हात बांधून पाहायची. कुठे हशा येतो, कुठे दार आपटतं, कुठे संगीताचा तुकडा वर चढतो, हे ध्यानात ठेवायचं. शटर त्या आवाजाखाली दाबायचं. म्हणजे हशा फुटायच्या आधीच चौकट लावून, फोकस धरून तयार असायला हवं. वाक्य पुरं होताना नटाचा चेहरा एक क्षण उघडा राहतो आणि समोरचा त्यावर प्रतिक्रिया द्यायला वळतो. योगायोग असा की हशाही नेमका तेव्हाच येतो. आवाज लपवण्यासाठी निवडलेली जागा अनेकदा फोटोसाठीही योग्य निघायची.

६७०० आली आणि आवाजाचं बंधन सुटलं. तिचं मूक शटर खरोखर मूक आहे. बेणारेच्या स्वगतात आता तिच्या हाताचा, खाली गेलेल्या नजरेचा, मागे थिजलेल्या माणसांचा फोटो मिळू शकतो, आणि कुणाला कळतही नाही. ही फार मोठी गोष्ट आहे. नाटकाचे सर्वात हळवे क्षण बहुतेक वेळा सर्वात शांत असतात, आणि वर्षानुवर्षं फोटोंत नेमके तेच नसायचे. मराठी प्रायोगिक नाटकाच्या जुन्या फोटोंमध्ये आवेशाचे, ओरडण्याचे, हात उंचावलेले क्षण इतके का, याचं थोडं तरी कारण कॅमेऱ्याच्या आवाजात असावं असं मला वाटतं.

इथे एक उलटा पेच आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. मूक शटर म्हणजे सेन्सर एकेक ओळ करत वरून खाली वाचला जातो. पूर्वीच्या हॅलोजन दिव्यांखाली याने काही बिघडत नाही. हॅलोजनची तार तापलेली असते, वीज कमीजास्त झाली तरी ती लगेच थंड होत नाही, म्हणून उजेड अखंड राहतो. एलईडीचं तसं नाही. तो मंद करायचा म्हणजे बहुधा एका सेकंदात शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करायचा. डोळ्याला तो मंद दिसतो. सेन्सरच्या काही ओळी मात्र दिवा चालू असताना वाचल्या जातात, तर काही बंद असताना, आणि नटीच्या गालावरून, मागच्या पडद्यावरून आडवे काळपट पट्टे जातात. सगळ्याच एलईडींखाली असं होत नाही, दिवा किती जलद उघडझाप करतो त्यावर ते अवलंबून आहे. ६००० चं वाजणारं शटर १/१२५ सेकंदावर ठेवलं तर एका क्षणी सबंध सेन्सर उघडा असतो, त्यामुळे पट्टे पडत नाहीत. म्हणजे नव्या कॅमेऱ्याचं मूक शटर जुन्या दिव्यांखाली बिनधोक आणि जुन्या कॅमेऱ्याचं बोलकं शटर नव्या दिव्यांखाली. ६७०० वर शटरचा वेग अपूर्णांकात थोडा थोडा सरकवून पट्टे घालवायची सोय आहे, आणि ती कामाची आहे. पण अंकात दिवे सतत बदलत असतात. एका दृश्यात जुळवलेला वेग पुढच्या दृश्यात जुळेलच असं नाही.

निळ्या एलईडीचा जाच दोन्ही कॅमेऱ्यांना सारखाच. गडद निळ्या उजेडात फक्त निळा रंग भरून वाहतो, लाल-हिरव्यात काहीच उरत नाही, आणि चेहरा सपाट निळ्या डागासारखा दिसतो. तिथे उजेड मुद्दाम कमी धरून रॉ फाइल घेणं एवढंच हातात असतं. त्यात नऊ वर्षांनी फरक पडलेला नाही.

आता फोकस. ६००० चे १७९ बिंदू त्या काळी कौतुकाचा विषय होते. डोळा शोधायची सोयही होती, पण ती एक बटण दाबून धरल्यावर, तेवढ्यापुरती. नट चालू लागला की ती त्याच्यामागे जात नसे. स्पर्शाची स्क्रीन नाही, बिंदू हलवायचा तर मागची चकती अंगठ्याने टकटक दाबायची. ६७०० माणूस ओळखते. चेहरा वळला तर डोकं धरते, डोकं झाकलं तर धड. शरीराची ठेवणच तिला कळते. नट पाठमोरा होऊन पुन्हा समोर येईपर्यंत ती त्याला सोडत नाही.

पण कोणाला धरायचं, हे ती आपल्या मनाने ठरवू लागली की गडबड होते. तिला सोडून दिलं तर ती समोर असलेला, मोठा, उजळ चेहरा निवडते. नाटकात बोलणारा बहुधा तोच असतो. आणि दृश्य अनेकदा ऐकणाऱ्याचं असतं. बाप मुलाला बोलत असतो, मुलगा खिडकीकडे तोंड करून उभा असतो, आणि त्याच्या खांद्यात जे होतं त्यासाठी दिग्दर्शकाने ते दृश्य बसवलेलं असतं. 'घाशीराम कोतवाल'मधल्या माणसांच्या भिंतीचा विचार करा. एका ओळीत, एका अंतरावर, एकाच वेषातले चेहरे, मधूनच सगळे पाठमोरे होणारे, आणि त्यांच्या आड काहीतरी घडणारं. यातलं कोण महत्त्वाचं हे कॅमेऱ्याला कुठून कळणार?

म्हणून मी तिच्यावर एक काम सोपवलंय आणि एक माझ्याकडे ठेवलंय. डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला असतानाही मागची स्क्रीन उजव्या अंगठ्याला ओळखते. स्क्रीन काळीच राहते, त्यामुळे शेजारच्याला उजेडाचा त्रास नाही. अंगठा घासत ऐकणाऱ्याच्या डोक्यापर्यंत न्यायचा, तिथे ती त्याला पकडते, आणि मग दृश्य संपेपर्यंत धरून ठेवते. डाव्या डोळ्याने पाहणाऱ्यांचं नाक स्क्रीनला टेकतं आणि फोकस भलतीकडे जातो. त्यांनी स्पर्श फक्त उजव्या अर्ध्या भागापुरता चालू ठेवावा. एकदा ही सवय लागली की हात मोकळे होतात आणि चौकटीकडे लक्ष देता येतं. ६००० वर निम्मं लक्ष बिंदूकडेच असे.

उजेडाच्या बाबतीत मात्र लोक नव्या बॉडीकडून फार अपेक्षा ठेवतात. माझ्या डोळ्याला ६००० आयएसओ ३२०० पर्यंत सुखाची वाटते. ६४०० वर काळ्या पडद्यांत ठिपक्यांचा गाळ दिसू लागतो. ६७०० तिथे स्वच्छ राहते. फरक आहे, पण जेमतेम एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट उजेडाचा. त्याउलट ६००० बरोबर मिळणारी १६-५० ची झूम लेन्स ५० वर एफ ५.६ पेक्षा उघडत नाही, आणि सिग्माची ५६ एमएम एफ १.४ तिच्या सोळापट उजेड आत घेते. म्हणजे चार स्टॉप. नव्या बॉडीतली कंपन आवरायची सोय पाच स्टॉपची सांगतात. नेपथ्याचा रिकामा फोटो १/१५ वर हातात धरून काढताना ती फार उपयोगी पडते. चालणाऱ्या नटाला मात्र १/१२५ लागतंच, आपला हात कितीही स्थिर असला तरी.

बॅटरी, वजन, कार्ड यांबद्दल फार बोलावंसं वाटत नाही. ६००० ची बॅटरी दोन अंकांत संपते, दुसरी खिशात हवी. ६७०० ची तालीमभर पुरते. पहिली ३४४ ग्रॅम, दुसरी ४९३. तीन तास मानेला अडकवून बसलं की हे दीडशे ग्रॅम जाणवतात. खरा वाढलेला भार घरी गेल्यावर कळतो. शटर वाजत नाही म्हटल्यावर बोट थांबत नाही, आणि एकाच हावभावाचे वीस-वीस फोटो समोर येतात. निवड करायला पूर्वीच्या दुप्पट वेळ जातो. म्हणून मूक शटर असूनही मी संहिता मागतोच, आणि आधीची तालीम पाहतोच.

पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत कॉलेजची मुलं विचारतात, सर, एकांकिकेचे फोटो काढायचेत, कोणता कॅमेरा घेऊ? मी त्यांना जुनी ६००० घ्या म्हणतो, वापरलेली चालेल, आणि उरलेले पैसे ५६ च्या लेन्सवर घाला. मूक शटरची गरज खरोखर लागेल तेव्हा पुढचं पाहू. आणि तालमीला पोचलात की दिग्दर्शकाच्या आधी प्रकाशयोजना करणाऱ्याला गाठा. कोणते दिवे एलईडी आहेत, कुठल्या प्रसंगात ते मंद होतात आणि निळा कधी येतो, हे त्याच्याकडून लिहून घ्या. त्याच्याकडे क्यूशीट असते, एक प्रत मागितली तर तो आनंदाने देतो.