उजवी मूठ गार

ग्वाल्हेरचं जानेवारीतलं धुकं आपल्याला नवं नाही. मला रोज सकाळी मोटरसायकलने मालनपूरला जावं लागतं. गेल्या हिवाळ्यात धुक्यातून अचानक गाय समोर आली आणि बधिर बोटांनी ब्रेक दाबायला क्षणभर उशीर झाला. गाय वाचली, मीही. त्याच आठवड्यात हँडलला गरम होणाऱ्या मुठी बसवल्या.

यंदा डावी तापली, उजवी गारच. आणि पुढचा ब्रेक उजवीकडे! फ्यूज उडाला असता तर दोन्ही बंद पडल्या असत्या. मल्टिमीटर लावला. डावीचा रोध आठ ओहम, उजवीत जोडणीच नाही. अ‍ॅक्सिलरेटर पिळताना उजवीची वायर दर वेळी वाकते. ती मुठीच्या तोंडाशीच तुटली होती. बसवताना मीच ती ताणून 'नीटनेटकी' बांधली होती. म्हणे बीई!

नवी जोडी आणली. जुनी मूठ ब्लेडने कापली, आतली नळी साफ केली, नवी चिकटवून रात्रभर ठेवली. वायरला या वेळी सैल वळसा दिला. पण हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की तोच वळसा अडकायचा आणि सोडलेला अ‍ॅक्सिलरेटर मागे येईना. हे रस्त्यात झालं असतं तर? वळसा पुन्हा बांधला. इंजिन बंद ठेवून, हँडल दोन्हीकडे वळवत, वीसेक वेळा तपासलं.

बाबा स्वेटरच्या आत वर्तमानपत्र घालून स्कूटरवर ऑफिसला जायचे. त्यांनी तापलेली उजवी मूठ धरली ती सोडेचनात. मग आत बघून आजीला हाक मारली, "आई, बाहेर ये जरा. हात लावून बघ."